बोटं साथ देत नाहीयेत, शॉर्टवेव्ह ऐकणं कसं चालू ठेवू?

जुनी_सुई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं शॉर्टवेव्ह (दूरदूरची रेडिओ स्टेशनं) ऐकतोय, आधी सुईवाल्या सेटवर आणि आता छोट्या डिजिटल पोर्टेबलवर. मला आमवात आहे, दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात, ट्यूनिंगचा नॉब इतका बारीक आहे की चिमटीत धरून फिरवायला गेलं की कळ मनगटापर्यंत जाते. बटणं तर एकाला एक चिकटलेली, एक दाबायला जावं तर दोन दाबली जातात. बाहेर लांब तार टाकली होती ती तुटली आणि आता शिडी चढणं माझ्याच्यानं होणार नाही. सकाळी बोटं उघडतच नाहीत, संध्याकाळी जरा सैल होतात, आणि नेमके तेव्हाच ४९ आणि ४१ मीटर बँड (शॉर्टवेव्हवरचे स्टेशनांचे पट्टे) जागे होतात म्हणून ऐकणं सोडून द्यायचं मन होत नाही. घरचे म्हणतात सगळी स्टेशनं फोनवर मिळतात मग एवढा त्रास कशाला, पण सिग्नल विरत जातो आणि परत वर येतो ते फोनवर कुठून आणू? स्टेशनला रिसेप्शन रिपोर्ट (कसं ऐकू आलं ते) पाठवून क्यूएसएल कार्डं, म्हणजे ऐकल्याची पोच म्हणून स्टेशन पाठवतं ती कार्डं, जमवायचो, ते पण थांबलंय कारण पेन धरवत नाही. कुणी अशा अडचणीतून मार्ग काढलाय का?

खिडकीतली_तार

काढलाय. मी व्हीलचेअरवर असते, हातात ताकद कमी आहे, त्यामुळे तुमचं वाचून लगेच लिहायला बसले.

आधी सेटचं सांगते. सेट हातात धरायचाच नाही, खाली रबरी मॅट घालून तिरका टेकवून ठेवा म्हणजे बटण दाबताना मागे सरकत नाही. बटणं बोटानं दाबू नका, मागे रबर असलेली पेन्सिल घ्या, तिच्यावर जाड फोम गुंडाळा आणि मुठीत धरून रबराच्या बाजूनं दाबा, चिमटीची गरजच पडत नाही. तुमचा सेट टेक्सन कंपनीचा असेल तर ईटीएम (आपोआप स्टेशनं शोधायची सोय) आहे का बघा, त्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये असतं, एक बटण दाबून ठेवलं की सेट स्वतः शॉर्टवेव्हचे बँड चाळतो आणि सापडलेली स्टेशनं वेगळी साठवतो, मग नुसतं एकावरून दुसऱ्यावर जायचं. आवडीच्या फ्रिक्वेन्सी मेमरीत टाकायला एकदा कुणाची तरी मदत घ्या. ऋतू बदलला की स्टेशनांचं वेळापत्रक बदलतं (मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार), म्हणजे वर्षातून दोनदाच बसावं लागतं.

अँटेनासाठी उंचावर जायलाच पाहिजे असं नाही हो! माझी ५-६ मीटर तार पडद्याच्या दांडीवरून खिडकीभोवती फिरवलीय, टोक सेटच्या कांडीला (ओढून लांब करायच्या अँटेनाला) क्लिपनं कायमचं लावलेलं, कांडी एकदा बाहेर काढली ती परत आत घातलीच नाही. घरात खरा शत्रू म्हणजे गोंगाट. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, यांची घरघर सिग्नल गिळून टाकते. सेट बॅटरीवर चालवा आणि घरातलं एकेक उपकरण बंद करून ऐका, कोण ओरडतंय ते कळतं. तरी नाही जमलं तर ॲक्टिव्ह लूप (ॲम्प्लिफायर असलेली कड्यासारखी अँटेना) घ्या, खिडकीत मावते आणि थोडी फिरवली की एखाद्या दिशेचा गोंगाट बराच दबतो.

क्लिक_मोजणारा

मला दिसत नाही, त्यामुळे डिस्प्ले माझ्यासाठी नाहीच. बहुतेक ब्रॉडकास्ट स्टेशनं ५ किलोहर्ट्झच्या पटीत बसतात, म्हणून स्टेप ५ वर ठेवतो (एका क्लिकला ५ किलोहर्ट्झ), ९४०० थेट टाकतो आणि तिथून क्लिक मोजत ३१ मीटर फिरतो, २० क्लिक म्हणजे ९५००. कीपॅडच्या ५ वर उंचवट्याचा स्टिकर लावलाय. बँड उघडलाय का, म्हणजे त्यावर लांबचं ऐकू येतंय का, ते टाईम सिग्नलवरून (अचूक वेळ सांगणाऱ्या स्टेशनांवरून) कळतं, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झ ऐकून बघायचे, कुठे टिकटिक येते त्यावरून अंदाज येतो. रात्री १५ मुकं आणि ५ जोरात असं बरेचदा असतं. १० वर इंग्रजीत पुरुषाचा आवाज आला तर अमेरिकेतलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही, इंग्रजीतच बाईचा आला तर हवाईचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच, ही दोन्ही वेळ सांगणारी स्टेशनं.

रात्रपाळी

कॉम्प्युटर चालतो का तुम्हाला? नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून चालवायचा रेडिओ) आहे, ब्राउझरमध्ये उघडा, माऊसनं किंवा कीबोर्डवरून ट्यून करा, नॉबचा प्रश्नच नाही. किवीएसडीआर नावाचे असेच रेडिओ पण जगभर आहेत.

खिडकीतली_तार

@रात्रपाळी बरोबर आहे, पण ते दुसऱ्याच्या अँटेनावर ऐकणं झालं. वाईट नाही, मी आजारी असते तेव्हा तेच ऐकते, फक्त रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहायचं. जुनी_सुईंना आपल्या खिडकीत आलेला सिग्नल हवाय असं मला वाटतं, आणि त्यासाठी स्वतःचा एसडीआर (कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरनं चालवायचा रेडिओ) घेता येतो. माझ्याकडे एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी आहे, तो एका वेळी ६६० किलोहर्ट्झचा पट्टा घेतो, म्हणजे ३१ मीटरचा ९४०० ते ९९०० सगळा त्यात मावतो. हा अख्खा पट्टा रेकॉर्ड करून ठेवता येतो आणि नंतर त्या रेकॉर्डिंगमध्ये हवं तिथे ट्यून करता येतं, जणू तीच रात्र परत चालू केली! ज्या दिवशी अंगात त्राण नसतं त्या दिवशी नुसतं रेकॉर्डिंग लावते आणि दोन दिवसांनी बरं वाटलं की आरामात ऐकते. डिस्क मात्र मोठी लागते, तासाला ११ जीबीच्या आसपास जातात. माऊस जड जात असेल तर मोठा ट्रॅकबॉल घ्या, तळव्यानं फिरतो.

आणि कार्डांचं सोडू नका. ऐकता ऐकता फोनवर बोलून नोंद करा, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, फ्रिक्वेन्सी, कार्यक्रमात काय होतं ते, आणि सिनपो, म्हणजे सिग्नल कसा आला याचे पाच गुण, मी सरळ "चार तीन चार तीन तीन" म्हणते. मग तेच व्हॉइस टायपिंगनं ईमेल करायचं, सोबत एक-दोन मिनिटांची ऑडिओ फाईल. बरीच स्टेशनं ईमेलचा रिपोर्ट घेतात.

जुनी_सुई

चार दिवसांनी लिहितोय कारण आधी करून बघायचं होतं. पेन्सिलीला फोम लावला आणि पहिल्याच संध्याकाळी पाच आकडे एकदाही न चुकता दाबले. १० मेगाहर्ट्झवर टिकटिक स्पष्ट, ५ वर त्याहून मोठी, १५ वर काहीच नाही, क्लिक_मोजणारा म्हणाले अगदी तसंच. मुलीनं दांडीवरून तार ओढून दिली, आणि घरघर माझ्याच टेबल लॅम्पची निघाली, तो काढला तर ४१ मीटरवर तीन स्टेशनं जास्त आली, त्यातलं एक इतकं कमजोर होतं की ओळख पटायला अर्धा तास कान लावून बसलो, पण पटली. नोंद फोनवर बोलून ठेवलीय, उद्या रिपोर्ट पाठवतो. एसडीआरचं पुढच्या महिन्यात बघतो, तेव्हा लॅपटॉप केवढा लागतो ते विचारायला परत येईन.