मेशला मराठीत नेमकं काय म्हणावं?

माटुंगेकर: डिप्लोमाच्या मुलांसाठी मेश करंट पद्धतीचं, म्हणजे विजेच्या सर्किटमधले प्रवाह काढायच्या एका रीतीचं टिपण मराठीत लिहितोय. नेटवर्कला 'जाल' म्हटलं, लूपला 'पाश'. मेशला 'जाळी' लिहिलं, तर मुलं अख्खं सर्किटच समजली. नेमका शब्द सुचवा.

ठाणेकर: दोन्हींना पाशच म्हणा की.

माटुंगेकर: नाही चालणार. ज्या पाशाच्या पोटात दुसरा पाश नाही, तोच मेश. शेजारी शेजारी दोन मेश असले की बाहेरून फिरणारा तिसरा पाश निघतो, तो मेश नव्हे.

वेसावकर: 'आस' म्हणा! जाळ्याच्या एकेका भोकाला आसच म्हणतात. मासेमारीच्या नियमांतही आसाचा आकार मिलिमीटरमध्ये देतात. आस बारीक असला की पिल्लंही अडकतात. अख्खं ते जाळं, त्यातलं एक घर तो आस. तुम्हाला हवा तोच भेद.

गिरगावकर: शब्द देखणा आहे, पण पृथ्वी ज्याभोवती फिरते तोही आसच. मला तर दोन्हींचं मूळ 'अक्ष' वाटतं. संस्कृतात समासात अक्ष म्हणजे डोळा, आणि जाळ्याचं भोक म्हणजे डोळाच ना?

वेसावकर: ते अक्षाचं माहीत नाही. आमच्याकडे संस्कृत न शिकलेली माणसंही आसच म्हणतात.

ठाणेकर: परीक्षेत मेश, नोकरीत मेश. मुलांवर आणखी एका शब्दाचा बोजा कशाला?

माटुंगेकर: कारण नुसत्या 'मेश करंट'नं अर्थ उघडत नाही. १० व्होल्टची बॅटरी, तिच्याशी एकसरीत २ ओहम, मधल्या सामाईक शाखेत ४, पलीकडे २. दोन्ही प्रवाह घड्याळाच्या दिशेनं धरले की उत्तर ३ आणि २ अँपिअर. मुलं मधल्या शाखेत अँमीटर लावतात, तो दाखवतो १. मग 'सर, गणित चुकलं'! तिथे दोन प्रवाह एकमेकांविरुद्ध, म्हणून वजाबाकी. प्रवाह आपण मानलेला आहे हेही शब्दातून कळायला हवं.

गिरगावकर: मग 'कल्पित आसधारा', धारा म्हणजे करंट. पण 'सर्किट' तसंच ठेवलंत? विश्वकोशात 'मंडल' आहे.

ठाणेकर: शाळेच्या पुस्तकात 'परिपथ' आहे. मुलं तेच शिकून येतात.

गिरगावकर: परिपथ हिंदीच्या वळणाचा. मंडल आपलं.

ठाणेकर: दोन्ही संस्कृत! त्यात आपलं कुठलं आणि हिंदीचं कुठलं?

वेसावकर: आसाचं राहिलंच की.

गिरगावकर: थांबा, आधी परिपथाचा निकाल लावू.