वर्डच्या फाइलीत पीडीएफ कोंबायची की नाही?

टाचणी
प्रस्ताव असो की प्रकल्प अहवाल, मागे तीन-चार शासन निर्णय जोडावे लागतात आणि ते सगळे पीडीएफमध्ये असतात. मग वर्डमध्ये इन्सर्ट, ऑब्जेक्ट, क्रिएट फ्रॉम फाइल, ब्राउझ असं करत निर्णय आत टाकायचा आणि फाइल पुढे ढकलायची, ही सर्रास पद्धत. माझ्या मते ती बंद व्हायला हवी.

आत टाकलेल्या पीडीएफचं फक्त पहिलं पान दिसतं. खरं तर पान नव्हे, पानाचं चित्र. निर्णय १२ पानांचा असला तरी प्रिंटला एकच पान निघतं आणि उरलेली ११ पानं होती हे वाचणाऱ्याला कळतही नाही. ते चित्रसुद्धा वर्ड स्वतः काढत नाही. मशीनवर अ‍ॅक्रोबॅट किंवा त्याचा रीडर असेल आणि पीडीएफ त्यातच उघडत असतील तर तो काढून देतो. एज किंवा क्रोम डीफॉल्ट असेल तर नुसता आयकॉन बसतो. शेजारशेजारच्या दोन मशीनवर तीच फाइल टाका, एकीकडे पान येईल, दुसरीकडे आयकॉन.

वर कळस म्हणजे शेवटी वर्डचीच पीडीएफ केली की आतली फाइल गळून पडते. उरतं ते चित्र.

त्यापेक्षा वर्डमध्ये 'परिशिष्ट अ' एवढंच लिहिलेलं एक पान ठेवावं, वर्डची पीडीएफ करावी आणि पीडीएफसॅम किंवा पीडीएफ अरेंजर अशा पीडीएफ जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निर्णय त्या पानामागे जोडावेत. पानांचे आकडे चुकू नयेत म्हणून परिशिष्टानंतरचा मजकूर नव्या सेक्शनमध्ये घेऊन त्याचा सुरुवातीचा आकडा हाताने द्यावा.

बोरू
असहमत. तुमच्या जोडकामात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मरते. शासन निर्णयाच्या शेवटी काय लिहिलेलं असतं? 'डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे.' ती स्वाक्षरी कागदावरच्या शिक्क्यासारखी पानावर चिकटलेली नसते, ती अख्ख्या फाइलीच्या बाइटवर केलेली असते. दोन पीडीएफ जोडल्या की तिसरी नवीच फाइल तयार होते. स्वाक्षरीचा चौकोन दिसत राहील कदाचित, पण पडताळणी होणार नाही.

ऑब्जेक्ट म्हणून टाकली तर मूळ फाइल शाबूत राहते. खात्री करून घ्या: डॉक्सएक्सची, म्हणजे वर्डच्या फाइलीची, एक प्रत काढा, तिच्या नावातलं शेवटचं डॉक्सएक्स खोडून झिप करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'एम्बेडिंग्ज', आणि तिथे तुमची पीडीएफ बिन फाइलीच्या पोटात बसलेली असते. तुम्ही म्हणता ते चित्र वेगळं, शेजारच्या 'मीडिया' फोल्डरमध्ये ईएमएफ नावाच्या चित्रप्रकारात. म्हणजे दाखवायला एक आणि आत खरी एक.

टाचणी
आत आहे हो, पण काढणार कोण? साहेब फाइल मोबाइलवर बघतात. मोबाइलवरचं वर्ड आणि ब्राउझरमधलं वर्ड आतली फाइल उघडतच नाही. संगणकावर मेलमधून उतरवलेली फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, येते, तिथेही 'एनेबल एडिटिंग' दाबेपर्यंत डबल क्लिक करून काही होत नाही. गूगल डॉक्समध्ये बदलून घेतली तर विषयच संपला.

कागदी_घोडा
इतका वाद कशाला? ऑब्जेक्टच्याच खिडकीत 'लिंक टू फाइल'वर टिक करा, फाइल हलकी राहते.

बोरू
आणि तुटते. आल्ट आणि एफ९ दाबून बघा, आत तुमच्या मशीनवरचा पूर्ण पत्ता दिसेल, सी ड्राइव्हपासून. समोरच्याकडे तो पत्ताच नाही. सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर सगळे काम करत असतील आणि फोल्डरचं नाव कुणी बदलणार नसेल तरच लिंक चालते. दुसरी अट पाळली गेलेली कुणी पाहिलीय का?

शून्य_समास
पानांची चित्रं करून टाकणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग, फक्त लोक तो चुकीचा करतात. स्क्रीनशॉट काढू नका. पीडीएफमधून ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) पीएनजी चित्रं काढा, ए४ पान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं येतं. वर्डची नेहमीची सेटिंग जतन करताना चित्रं २२० पीपीआयवर (इंचाला २२० पिक्सेल) आणते आणि बारीक टायपातले अनुस्वार, रफार चिकटतात. म्हणून आधी फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' लावा, मग चित्रं टाका. क्रम उलटा झाला तर गेलेला तपशील परत येत नाही.

दुसरी चूक समासाची. पान २१ सेंटीमीटर रुंद, मजकुराची जागा १६. चित्र त्यात बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर ९ पॉइंटचं होतं. परिशिष्टासाठी सेक्शन ब्रेक घेऊन समास अर्ध्या सेंटीमीटरवर आणा.

बोरू
आणि स्वाक्षरी?

शून्य_समास
गेली. पण छापील प्रतीत ती नाहीतरी कुठे तपासता येते? सोबत निर्णयाचा संगणक सांकेतांक द्या. त्यातले पहिले ८ आकडे वर्ष, महिना, दिवस असतात आणि शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून मूळ निर्णय काढता येतो. ज्याला खात्री करायची तो तिथे करेल.

रफार
एका चौथ्या पद्धतीबद्दल सावध करतो, कारण तिचं बटण ऑब्जेक्टच्याच बाणाखाली आहे: 'टेक्स्ट फ्रॉम फाइल'. २०१३ पासून वर्ड पीडीएफचा मजकूर करून देतो. इंग्रजीत बरं चालतं. मराठीत करू नका.

पीडीएफमध्ये बहुधा अक्षरं नसतात, फाँटमधल्या आकृत्यांचे क्रमांक असतात. कुठली आकृती म्हणजे कुठलं युनिकोड अक्षर याचा तक्ता फाइलीत सोबत असतो आणि देवनागरीसाठी तो अनेकदा अर्धवट असतो. पहिली वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून 'किती'चं 'िकती' होतं. जोडाक्षरं तर गळतातच. जुने निर्णय कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फाँटमधले असले तर रोमन अक्षरांचा नुसता चुरा हाती येतो. धोका चुऱ्याचा नाही, तो लगेच दिसतो. धोका अशा पानाचा, जिथे ९५ टक्के बरोबर येतं आणि एका अटीतला 'न' गळतो.

कागदी_घोडा
मग लिबर ऑफिसवाल्यांना तरी सुख आहे का?

रफार
थोडंफार. त्यातल्या रायटरमध्ये, म्हणजे तिकडच्या वर्डमध्ये, इन्सर्ट, इमेज करून पीडीएफ निवडली तर पहिलं पान चित्र म्हणून येतं, अ‍ॅक्रोबॅट लागत नाही. पण खरी कामाची सोय उलट्या दिशेची आहे: पीडीएफ निर्यात करताना 'हायब्रिड पीडीएफ' निवडलं की रायटरची मूळ फाइल (ओडीएफ) पीडीएफच्या पोटात जाते. वाचणाऱ्याला पीडीएफ, सुधारणाऱ्याला रायटरची फाइल.

बोरू
हेच परिशिष्टांना लावा. अहवालाची पीडीएफ करा आणि सही असलेले निर्णय तिला अटॅचमेंट म्हणून जोडा. पानं जोडायची नाहीत, फाइल जशीच्या तशी. सही जिवंत राहते. अ‍ॅक्रोबॅटमध्ये पेपरक्लिपच्या पट्टीत त्या दिसतात.

टाचणी
हे मला मान्य, एका अटीवर: मोबाइलवरचे बरेच व्ह्यूअर ती पट्टी दाखवत नाहीत, म्हणून वाचण्यासाठी पानंही मागे जोडलेली हवीत. फाइल जड होईल. मेलची मर्यादा २५ एमबी असली तरी पाठवताना जोडफाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे १८ एमबीच्या आत राहा. आणि संग्रहासाठी पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जपण्यासाठी ठरवलेली प्रमाणित पीडीएफ, मागितली असेल तर कुठली ते विचारा. त्या प्रमाणाच्या २००५ च्या पहिल्या भागात अटॅचमेंट चालतच नाही, २०१२ च्या तिसऱ्या भागात कुठलीही चालते.

रफार
तरीही वर्डमध्येच आयकॉन लावून पाठवणाऱ्यांसाठी: क्रोम-एजवाल्या मशीनवर पीडीएफ 'पॅकेज' म्हणून, म्हणजे नुसती गुंडाळलेली फाइल म्हणून, आत जाते, आणि त्या बिनमध्ये तुमच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला जातो, संगणकावरच्या तुमच्या नावासकट. निविदेसोबत पाठवत असाल तर पीडीएफ आधी सी ड्राइव्हवर एखाद्या साध्या नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथून टाका. आयकॉनखालचं नावही 'चेंज आयकॉन'मध्ये जाऊन बदला, नाहीतर 'अंतिम_नवीन_२_खरंच_अंतिम' असंच दिसेल.