जुने नेटवर्क स्विच विकतोय, घेणाऱ्यांच्या तांत्रिक प्रश्नांना काय उत्तर द्यायचं?

चकालाकर
नमस्कार. अंधेरी एमआयडीसीतलं आमचं छोटं ऑफिस बंद होतंय. मी तिथे हिशेब बघतो. रॅकमधला माल विकायचं काम मालकांनी माझ्याकडे दिलंय: सिस्कोचे दोन २९६०एक्स स्विच (ऑफिसातली यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारे खोके), युनिफायचे काही अॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे) आणि एक जुना राउटर. ऑनलाइन जाहिरात टाकली आणि रात्री उशिरापर्यंत मेसेज यायला लागले. "पीओई बजेट किती?" "सगळे पोर्ट टेस्टेड आहेत ना?" "माझे १६ कॅमेरे चालतील का?" "राउटर जिओफायबरला लागेल का?" माहीत नाही म्हटलं की समोरचा गप्प होतो. हो म्हटलं आणि चाललं नाही तर त्याचे पैसे अडकले. मला कुणाला फसवायचं नाही. जाणकारांनी सांगावं.

रॅकवाला परळ
साहेब, निम्मी उत्तरं स्विचच्या लेबलवरच आहेत. पूर्ण मॉडेल नंबर वाचा, "२९६०एक्स"वर थांबू नका. पुढे २४टीएस असेल तर त्यात पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देणं, नाहीच. २४पीएस असेल तर आहे, बजेट (सगळ्या पोर्टांना मिळून देता येणारी वीज) ३७० वॅट. ४८ पोर्टवाला असेल तर अक्षरं दोनदा वाचा: एलपीएस ३७० वॅटचा, एफपीएस ७४० वॅटचा. जाहिरातीच्या मथळ्यातच हा पूर्ण नंबर घाला, निम्मे मेसेज येणारच नाहीत.

कॅमेरेवाल्याला "चालतील" म्हणू नका, "नाही" पण म्हणू नका. त्याचे कॅमेरे तुम्ही पाहिलेले नाहीत. त्याला आकडा द्या, २४पीएस असेल तर: एकूण ३७० वॅट, एका पोर्टला जास्तीत जास्त ३०. प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट दिले तर २४ पोर्टांत बजेट संपतं, ३० वॅटची उपकरणं असली तर बाराच बसतात. कॅमेरा किती वॅट खातो ते त्याने डेटाशीटवर बघावं आणि गुणाकार करावा.

आता "टेस्टेड". या एका शब्दावरून नंतर सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून तो नुसता लिहूच नका. काय तपासलं ते लिहा. लॅपटॉप आणि एक खात्रीची केबल घ्या, एकेका पोर्टला लावा आणि स्पीड किती दिसतो ते टिपा. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच. एखादा पोर्ट १००वरच अडकत असेल तर बहुधा आतली एखादी पिन गेलीय. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पिना हिरव्या पडतात, टॉर्च मारून बघा. असा पोर्ट निघाला तर त्याचा नंबर जाहिरातीत लिहा. खोड आधीच सांगितली की घेणारा बिथरत नाही, उलट बाकीच्या तेवीस पोर्टांवर त्याचा विश्वास बसतो. हे मी धंद्यात रोज बघतो.

कन्सोल केबल (लॅपटॉपवरून स्विचला थेट आज्ञा द्यायची केबल) मिळाली तर ९६०० बॉड या वेगावर जोडून "शो व्हर्जन" आणि "शो इन्व्हेंटरी" या आज्ञा द्या आणि स्क्रीनचे फोटो काढा, त्यात मॉडेल आणि सॉफ्टवेअर दिसतं. जाणकार गिऱ्हाईक तेच मागतं.

घणसोली ४८ पोर्ट
वरच्याला पुस्ती. कुणी "शो रन पाठवा" म्हणालं, म्हणजे स्विचच्या सगळ्या सेटिंगची यादी मागितली, तर पाठवू नका. त्यात ऑफिसचे पासवर्ड असतात आणि "टाइप ७" या कच्च्या पद्धतीने झाकलेले तर सहज उलगडतात. स्विच देण्याआधी "राइट इरेज" ही आज्ञा देऊन सेटिंग पुसा. त्याने व्हीलॅनची (नेटवर्कच्या आतल्या विभागणीची) फाइल जात नाही, स्विचच्या फ्लॅश मेमरीमधली व्हीलॅन.डॅट वेगळी उडवा.

अॅक्सेस पॉइंट (एपी) कंट्रोलरमधून, म्हणजे ते सांभाळणाऱ्या युनिफायच्या सॉफ्टवेअरमधून, "फर्गेट" करून मगच काढा, नाहीतर घेणारा रिसेट करत बसेल. युनिफायचे काही जुने एपी २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवरच (वेगळ्या जातीच्या पीओईवर) चालतात, सिस्कोच्या स्विचवर ते चालू होणार नाहीत. सोबतचा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा अॅडॅप्टर) असेल तर तोही त्याच माणसाला द्या.

भांडुप पश्चिम
राउटरचं सोपं आहे. जिओफायबरचा स्वतःचा खोका राहतोच, तुमचा राउटर त्याच्या लॅन पोर्टला (घरातल्या यंत्रांसाठीच्या) लागतो. त्यासाठी तुमच्या राउटरला इथरनेटचा वॅन पोर्ट (बाहेरचं इंटरनेट आत घेणारा) हवा. एमटीएनएलच्या लँडलाइनच्या काळातला, फक्त टेलिफोनची वायर घेणारा असेल तर "फायबरला चालणार नाही" असं सरळ लिहा. आणि पैसे घेताना कुणी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर तिथेच थांबा. पैसे यायला पिन लागत नाही.

चकालाकर
सगळ्यांचे आभार. लेबलं बघितली: एक २४पीएस निघाला, दुसरा २४टीएस. मी दोन्ही एकाच जाहिरातीत टाकले होते, आता वेगळ्या करतो. कन्सोल केबल लॅमिंग्टन रोडवरून आणतो. एक गृहस्थ विरारहून येऊन चालू बघून नेतो म्हणतायत. त्यांना बोलवू का?

रॅकवाला परळ
जरूर बोलवा. त्यांचा एक कॅमेरा सोबत आणायला सांगा, २४पीएसला लावून "शो पॉवर इनलाइन"मध्ये किती वॅट घेतो ते त्यांनाच दाखवा. फक्त ऑफिसची वीज तुटायच्या आत उरका.