जुन्या सागवानी कपाटाचे खण: चॅनल टाकावेत की आहे तेच दुरुस्त करावं?

पाचखणी
पाच खणांचं जुनं सागवानी कपाट आहे. रुंदी ९० सेंमी, मागेपर्यंत ४५, उंची ११०. खण लाकडी पट्ट्यांवर सरकतात. वरचे तीन १४ सेंमी उंच, खालचे दोन २४. अडचणी अशा: पावसाळ्यात वरचे दोन खण हलत नाहीत, ४ मिमी प्लायचे तळ मधोमध लोंबलेत, आणि खालच्या खणांत तळाला गेलेली वस्तू सापडत नाही. सुतार म्हणतो सगळीकडे टेलिस्कोपिक चॅनल (बॉलबेअरिंगवर सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) टाकू. टाकावेत का?

रंधा_पटाशी
सगळीकडे नको. साध्या बॉलबेअरिंग चॅनलला एका बाजूला साडेबारा ते तेरा मिमी जागा लागते. म्हणजे खण मोकळ्या जागेपेक्षा २५-२६ मिमी अरुंद हवा. जुन्या खणांना दोन्हीकडे मिळून दोन-तीन मिमी फट असते. त्यामुळे चॅनल टाकायचे तर पाचही पेट्या नव्याने बांधाव्या लागतील, आणि सागवानी कळाशीचे (लाकडात लाकूड अडकवून केलेले) सांधे भंगारात जातील. शिवाय पुढच्या उभ्या चौकटीमागे कपाटाची बाजू आत गेलेली असते, तिथे पॅकिंग पट्टी लागेल ती वेगळीच.

खण अडकतो तो बहुधा उंचीत. लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. बाजूच्या फळीच्या रेषा पुढून मागे जातात, म्हणून पावसाळ्यात फळीची उंची वाढते. १४ सेंमीच्या फळीला एक-दीड मिमी सहज. नेमकं कुठे घासतंय ते बघायला खणाच्या वरच्या कडांना आणि बाजूंना खडू फासा, दोन-तीनदा आत-बाहेर करा. जिथला खडू पुसला जाईल तिथेच काम.

आणि जुलैत रंधा मारू नका! फुगलेल्या मापाला तासलं की मार्चमध्ये खण खुळखुळतो. आत्ता फक्त १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग पांढरी मेणबत्ती कडांवर आणि पट्टीवर दाबून घासा. खोबरेल किंवा मशीनचं तेल अजिबात नको. धूळ धरून चिकट होतं आणि लाकडात मुरतं. खरं तासणं एप्रिल-मेमध्ये, वर दोन मिमी फट राहील इतकंच.

पाचखणी
खडू लावून पाहिला. वरच्या खणाची डावी वरची कड घासतेय, उजवी नाही. आतली उजवी पट्टी बोटाला खोलगट लागते.

रंधा_पटाशी
मग फुगणं अर्धंच कारण. उजवी पट्टी झिजलीय, खण तिकडे झुकतो आणि डावी कड वर जाऊन अडते. पट्टी स्क्रूने बसवलेली असेल तर काढून उलटी लावा, खालची बाजू सहसा कोरी असते. खिळे-सरसाने असेल तर त्याच जाडीची नवी सागवानी पट्टी करा. स्क्रूची डोकी दोन मिमी आत गेलीच पाहिजेत, नाहीतर खणाची कड चिरत जाईल. काही जण पट्टीवर सनमायकाची चीप चिकटवतात. चालतं छान, पण १ मिमी उंची खातं, आणि तुमच्याकडे वर जागाच नाही. खणाच्या फळीची खालची कडही तपासा. तीही झिजली असेल तर नुसती पट्टी बदलून भागणार नाही.

फेविकॉलवाली
तळाबद्दल. ९० सेंमी रुंदीला ४ मिमी प्लाय लोंबणारच. ६ मिमी घ्यावा तर तळ ज्यात बसतो ती खाच ४ मिमीची. सोपा उपाय: मागच्या फळीखालचे खिळे काढून तळ ओढून घ्या, पालथा करून परत सरकवा, आणि मधोमध पुढून मागे ४० मिमी रुंदीची पट्टी खालून द्या. पट्टीची जाडी ठरवण्याआधी तळ खणाच्या खालच्या कडेपासून किती वर आहे ते मोजा. साधारण १० मिमी असतं. पट्टी त्याहून जाड झाली तर खण बंद होताना पुढच्या आडव्या दांडीवर आपटेल. ८ मिमी ठीक. टोकं पुढच्या-मागच्या फळीला स्क्रूने, मध्ये फेविकॉल.

खोल खणांसाठी सरकता ट्रे करा. आत दोन्ही बाजूंना तळापासून १३ सेंमीवर १२ × १२ मिमीच्या पट्ट्या, त्यावर ८ सेंमी उंच ट्रे, पुढून मागे खणाच्या अर्ध्या मापाचा. पुढे-मागे ढकलला की खालचं दिसतं. रुंदीत ३ मिमी ढिला ठेवा. वरच्या खणांत ६ मिमी प्लायचे अर्ध्या-अर्ध्या खाचेत अडकणारे कप्पे घाला, पण चिकटवू नका. गरज बदलली की उचलून काढता येतात.

गिट्टी_आणि_स्क्रू
खालचे दोन जड खण पूर्ण बाहेर यायला हवेत असतील, तर त्या दोघांनाच नव्या पेट्या आणि चॅनल द्या. आतून ४२ सेंमी मिळत असतील तर १६ इंची. खणाचं तोंड चौकटीच्या आत बसतं, म्हणून चॅनल तोंडाच्या जाडीइतका मागे घ्या. आधी लांबट भोकांत स्क्रू, खण चालवून जुळवा, मगच गोल भोकांत.

पण कपाट भिंतीला बांधल्याशिवाय हे करू नका. पूर्ण उघडणारे दोन भरलेले खण एकदम बाहेर आले की तोल पुढे जातो, त्यात मूल खणावर चढलं तर संपलंच. अमेरिकेत २७ इंच आणि त्याहून उंच अशा कपड्यांच्या कपाटांना उलटण्याविरुद्धची चाचणी १ सप्टेंबर २०२३ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे दोन एल-पट्ट्या, ८ मिमीची गिट्टी (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसवतात तो प्लग), ५० मिमी स्क्रू. पट्टी मागच्या पातळ प्लायला नव्हे, वरच्या सागवानी चौकटीला लावा. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची) असेल तर साधी गिट्टी फिरत राहते, तिच्यासाठीची लांब गिट्टी मागा.

लाकडी पट्टीवरच्या तीन खणांना मागच्या फळीच्या आतून एकेक फिरकी (एका स्क्रूवर फिरणारी छोटी पट्टी) लावा. उभी केली की वरच्या दांडीला अडते, खण हातात येत नाही. आडवी केली की निघतो.

पाचखणी
फिरकी खण आत घातल्यावर फिरवायची ना? हात पोचेल?

गिट्टी_आणि_स्क्रू
हो. खण तीन चतुर्थांश आत असताना वरच्या फटीतून हात घाला. १४ सेंमीच्या खणात पोचतो. स्क्रू जरा घट्टच ठेवा, ढिली फिरकी आपोआप आडवी पडते.