प्रति: नुसत्या ध्रुवावरून जहाजाची जागा कळते का?

अर्धीच कळते. ध्रुवतारा दिसला की जहाजाचं ठिकाण सापडलं, असं वाटतं खरं. पण त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे जवळपास आपला अक्षांश, एवढंच. बेळगावजवळ येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन हात लांब करून मूठ धरा. मूठ साधारण १० अंशांची, ध्रुव दीड मुठीवर. बेळगावचा अक्षांश पंधरा-सोळा अंशच आहे.

खरी गोम रेखांशात. सूर्य सर्वांत उंच कधी येतो ते रेखांशावर ठरतं, म्हणून तिथं घड्याळ लागतं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, बेळगाव ७४.५ च्या आसपास. फरक ८ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य सरासरी १२:३२ ला सर्वांत उंच. सरासरी हां! नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१६, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४६. अंगणात काठी रोवून सावली बघा की. जहाजावर हा तारखेनुसार बदलणारा फरक नाविक पंचांगातून (सूर्य-ताऱ्यांच्या रोजच्या जागा देणाऱ्या पुस्तकातून) घेतात, आणि घड्याळ ४ सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर एक सागरी मैल सरकलात.

त्यात मध्यान्हीला सूर्य वर रेंगाळतो, नेमका क्षण पकडता येत नाही. म्हणून सेक्स्टंटवाले (क्षितिजापासूनची उंची मोजायचं उपकरण वापरणारे) संधिप्रकाशात तीन-चार तारे घेतात. तेव्हा तारेही दिसतात आणि क्षितिजही.