ब्राउरॉनच्या मुली

प्राचीन ग्रीक धर्मातलं नृत्य म्हणजे मद्याचा देव डायोनिसस याच्या भक्तिणींचा उन्माद, असं म्हटलं जातं. देवीपुढच्या नाचासाठी मात्र ब्राउरॉनकडे वळायला हवं. अथेन्सच्या पूर्वेला, समुद्राजवळ शिकारीची देवी आर्टेमिस हिचं हे ठाणं. तिथे लग्नाआधी काही मुली देवीच्या 'अस्वली' होत. देवीचं माणसाळलेलं अस्वल मारलं गेलं, तिचा कोप झाला, म्हणून ही सेवा, अशी कथा. उत्खननात सापडलेल्या मातीच्या लहान भांड्यांवर वेदीजवळ धावणाऱ्या, नाचणाऱ्या मुली रंगवल्या आहेत. काही आखूड वस्त्रात, काही विवस्त्र. किती जिवंत चित्रं आहेत ती! इ.स.पू. ४११ मधल्या अथेन्सचा नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीस याच्या 'लायसिस्ट्राटा' या सुखात्मिकेत बायकांचा कोरस (गाणारा समूह) केशरी वस्त्रातली ही सेवा अभिमानाने सांगतो. नागरिकांच्या सभेत स्त्रियांना मत नव्हतं, त्या शहरात हा मान मला फार मोलाचा वाटतो.