अर्धवेळ शिकवताना इतके निबंध कसे तपासता?

फ्रीमाँटकर: मी कॅलिफोर्नियात दोन कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) इंग्रजी कॉम्पोझिशन, म्हणजे निबंधलेखन, शिकवते. एका डिस्ट्रिक्टमध्ये (एकाच कारभाराखालची कॉलेजं) अर्धवेळवाल्यांना पूर्णवेळाच्या 67 टक्क्यांहून जास्त काम मिळत नाही, म्हणून दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधलं दुसरं कॉलेज. तीन वर्ग, 80 मुलं. निबंधाला 20 मिनिटं धरली तरी एका फेरीचे 26 तास 40 मिनिटं. पगार मुख्यतः वर्गातल्या तासांचा. 2017 च्या एबी 705 कायद्यानंतर बहुतेक मुलं पूर्वतयारीचे वर्ग न करता थेट पदवीच्या लेखनवर्गात येतात. ते मला पटतं. पण रात्रपाळी करून आलेल्या मुलाच्या वहीवर नुसता शेरा मारून पुढे जाववत नाही.

नववं_वर्ष: पहिल्या खर्ड्याला लाल पेन लावूच नका. मुद्दा आणि दाखले तेवढे बघा. मग मुलाला शेजारी बसवून मोठ्यानं वाचायला लावा. अडखळला की चूक त्याची त्यालाच दिसते.

सॅनहोजेवाला: उन्हाळ्यात वर्ग नसेल तर बेकारी भत्त्याचा अर्ज जरूर करा. 1989 च्या सर्व्हिसी खटल्यातल्या कोर्टाच्या निकालानं तो मार्ग आपल्यासाठी मोकळा केलाय. लाजू नका.

फ्रीमाँटकर: आज वाचून घेतलं. एका व्हिएतनामी मुलीनं भूतकाळाची सात क्रियापदं स्वतःच दुरुस्त केली. मी पेन उघडलंही नव्हतं.